सासूबाई दोनदा पडल्या. या वयात तोलाचा व्यायाम खरंच उपयोगी पडतो का?

बांदोड्याची सून

नमस्कार. मी गोव्यात, फोंडा तालुक्यात बांदोड्याला राहते. प्रश्न माझ्या सासूबाईंबद्दल आहे. मी त्यांना आईच म्हणते. वय ७६. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मधुमेह नाही. डोकं एकदम तल्लख, रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात.

मार्चमध्ये न्हाणीतून बाहेर येताना उंबऱ्याला पाय अडकून पडल्या. तेव्हा दाराची चौकट हाताला लागली म्हणून निभावलं. आता मिरगाच्या पहिल्याच आठवड्यात मागच्या दाराच्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरल्या. पायरीवर शेवाळ धरायला लागलं होतं आणि त्या प्लास्टिकची चप्पल घालून तुळशीला पाणी घालायला निघाल्या होत्या. हाड मोडलं नाही, एक्स-रे काढून आणला. पण डावी मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत काळीनिळी झाली होती.

ज्या दवाखान्यात नेलं तिथे सांगितलं, आता वय झालं, जपून राहू दे, उगाच फिरवू नका. नणंद म्हणते तेच, शेजारीपाजारी म्हणतात तेच. त्यामुळे गेले पंधरा दिवस आई सोप्यावर बसून आहेत. पाणी हातात, जेवण हातात. न्हाणीत जायचं तर भिंतीला हात लावून जातात. मार्चपासूनच हात भिंतीवर असायचा म्हणा. स्वयंपाकघरापासून न्हाणीपर्यंत भिंतीवर कमरेच्या थोडा वर त्यांच्या हाताचा तेलकट पट्टा उमटलाय. काल पुसायला गेले तर माझ्याच पोटात कालवलं. याच बाईने चाळीस वर्षं शेतात काढली. डोक्यावर भाताचा भारा घेऊन मेरेवरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालायच्या, ते मी लग्न होऊन आल्यावर स्वतः पाहिलंय. आता अंगणात उतरायचं म्हटलं की म्हणतात, "म्हाका भंय दिसता गे."

ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्टने व्यायामाचा कागद दिलाय. सगळी नावं इंग्रजीत, सोबत रेषांची चित्रं. आईंनी एकदा पाहिला आणि बाजूला ठेवला. "ह्या वयात कसरती कसल्यो," म्हणाल्या.

मला खरंच कळत नाहीये. ७६ व्या वर्षी तोल सुधारतो का, की आहे तेवढा सांभाळायचा? रोज अंगणात हात धरून चार फेऱ्या मारल्या तर पुरे का? आणि व्यायाम करतानाच पडल्या तर? ज्यांनी घरात हे केलंय त्यांनी सांगा.

शिरोडेकर

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठीच लिहितो. माझ्या आत्याचं तेच झालं. वय ७४. मोबाईलवर व्हिडिओ बघून खोलीच्या मधोमध वृक्षासन करायला गेली, वर डोळे मिटून. पडली आणि खांदा निखळला. त्यानंतर आमच्या घरात व्यायामाचं नाव कोणी काढत नाही. तुमच्या सासूबाईंना हाड मोडल्याशिवाय दोनदा देवाने वाचवलंय. मी तरी म्हणेन, न्हाणीत दांडा बसवा, पायऱ्या घासून घ्या आणि त्यांना शांतपणे बसू द्या.

निवृत्त शिक्षिका, डिचोली

बाय, माझं वय ७२, म्हणून तुला अगं-तुगं करते. राग मानू नकोस.

शिरोडेकरांच्या आत्याचं वाचून वाईट वाटलं, पण त्यातून निघालेला अर्थ मला पटत नाही. आधार न घेता, डोळे मिटून, एकदम एका पायावर उभं राहणं ही दहावीची परीक्षा झाली. पहिलीत नाव घातलेल्या मुलाला कोणी दहावीच्या परीक्षेला बसवत नाही. म्हणून शाळाच बंद करायची का?

मी ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. २०२१ च्या जुलैत आमच्याच अंगणात घसरले आणि डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मनगट जुळलं, पण मी घराबाहेर पडेना. भाजी मुलगा आणायचा, देवळात जाणं बंद, जिन्याच्या गच्चीवर जाणं बंद. सगळे मला जपत होते आणि मला ते बरं वाटत होतं. तीन महिन्यांनी एका लग्नाला गेले, तिथे खाली घसरलेल्या सोफ्यावर बसले आणि उठताच येईना. दोन पोरींनी काखेत हात घालून उठवलं. त्या दिवशी घरी येऊन मी रडले. मोडलं होतं मनगट आणि गेल्या होत्या मांड्या, कारण मी त्या वापरल्याच नव्हत्या. भीतीने माणूस बसतो, बसून मांड्या लुळ्या पडतात, आणि लुळ्या मांड्यांनी पुढच्या वेळी पाय अडखळला की सावरता येत नाही. तुझ्या आईंचे पंधरा दिवस झालेत. आत्ताच धर.

मला शिकवायला एक तरुण फिजिओ मुलगी घरी यायची. पहिल्या दिवशी तिने मला स्वयंपाकाच्या ओट्यासमोर उभं केलं, दोन्ही हात ओट्यावर. मग उजव्या पायाची टाच डाव्या पायाच्या अंगठ्याला चिकटवायला सांगितली, म्हणजे दोन्ही पावलं एका रेघेत. हात टेकलेले होते तोवर काही वाटलं नाही. मग एक हात काढला. मग दुसऱ्या हाताची चार बोटं उचलली आणि एकच बोट ओट्यावर ठेवलं. घोटा थरथरायला लागला. मी खाली बघितलं तर पावलावरच्या शिरा एकेक करून ताणत होत्या आणि सुटत होत्या, बोटं फरशी पकडायला बघत होती. घाबरून मी पुन्हा ओटा धरला. ती म्हणाली, "बाई, ही थरथर हवीच आहे. पाय तोल शोधतोय. ज्या दिवशी थरथर थांबेल त्या दिवशी हे तुम्हाला सोपं झालं, मग पुढचं घ्यायचं. फक्त ओट्यापासून हात एक वितीपेक्षा लांब न्यायचा नाही."

माझ्या मते सगळं यातच आलं. पाय थरथरेल इतपत कठीण हवं आणि धरायला हाताशी काहीतरी हवं. हात धरून अंगणात चार फेऱ्या मारल्या तर पाय मोकळे होतील, मनालाही बरं वाटेल, पण थरथर होणार नाही, कारण तोल तू सांभाळत असशील. चालणं बंद करू नकोस, पण त्यावर भिस्त ठेवू नकोस.

पहिले दोन आठवडे मी काय करत होते ते सांगते. ओटा धरून टाचा उचलायच्या, दहा वेळा, सावकाश वर आणि त्याहून सावकाश खाली. मग उलट, टाचा टेकून चवडे उचलायचे. हे दुसरं लोकांना क्षुल्लक वाटतं, पण उंबऱ्याला पाय अडकतो तो चवडा वेळेवर उचलला न गेल्यामुळेच, तेव्हा तुझ्या आईंना ते नक्की करायला लाव. मग ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवं चालायचं, खेकड्यासारखं, आणि तसंच परत. आणि खुर्चीवरून उठणं-बसणं. खुर्ची जेवणाच्या टेबलाची, भिंतीला टेकवलेली, म्हणजे मागे सरकत नाही. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवली होती आणि हातांनी मांड्यांवर रेटा द्यायचे. पाच वेळा उठले तरी धाप लागायची. उठण्यापेक्षा बसण्याकडे लक्ष दे. धपकन बसायचं नाही, खुर्ची लागेपर्यंत मांड्यांनी अंग पेलायचं.

हे एक दिवसाआड. सकाळचा चहा-नाश्ता झाल्यावर, साधारण अर्धा तास, आणि पहिला महिनाभर घरात दुसरं कोणी असतानाच. मी शाळेच्या हजेरीपुस्तकासारखी वही आखली होती. केलं की बरोबरची खूण, नाही केलं तर गैरहजर. ती वही अजून आहे. पहिल्या पानावर "उठणं ५" लिहिलंय, मार्चच्या पानावर "१२, हात न लावता".

पुढे एक एक बोट कमी होत गेलं. ओट्याला समांतर खडूने रेघ मारली आणि त्या रेघेवर टाचेला अंगठा लावत चालायला लागले. ते जमल्यावर तिने मला चालता चालता पाढे म्हणायला सांगितले. मला वाटलं गंमत करतेय. एकोणीसचा पाढा सुरू केला आणि एकोणीस सक चौदोत्तरशेला पाय रेघेबाहेर! घरात आपण नुसतं कधीच चालत नाही, हाक येते, दूध उतू जायला लागतं, फोन वाजतो, आणि नेमकं तेव्हाच पडतो. म्हणून डोकं दुसरीकडे असताना पायांनी तोल राखायची सवय लावायची. आता मी पावकी, म्हणजे पावाचा पाढा, म्हणत गच्चीवर चालते.

फरक कळायला मला दहा-बारा आठवडे लागले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मागून कोणीतरी टोपली घेऊन जोरात धडकलं. मी काही विचार करायच्या आत उजवा पाय पुढे पडला होता आणि मी उभी होते. गेल्या वर्षी दोन महिने मुलीकडे पुण्याला गेले आणि व्यायाम सुटला, तर परत आल्यावर रेघेवर पुन्हा बोट टेकावं लागलं. म्हणजे हे औषधासारखं चालूच ठेवायचं आहे.

आता तुझ्या आईंबद्दल. त्यांना "कसरत" म्हणू नकोस आणि तो कागदही दाखवू नकोस. ज्या बाईने डोक्यावर भारा घेऊन चाळीस वर्षं मेर तुडवली तिला टाचेला अंगठा लावून चालणं कोणी शिकवायची गरज नाही. मेर ती केवढी, जेमतेम पाऊल मावेल एवढी, एका बाजूला चिखल, दुसऱ्या बाजूला पाणी. त्यांना सांग, "आई, ही रेघ म्हणजे मेर." आणि ढालो खेळल्या असतील की नाही? पौषात मांडावर दोन रांगा समोरासमोर, एकमेकींना कंबरेमागून धरून, गात गात पुढे झुकत जायचं आणि तसंच मागे यायचं. अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर, पुढून मागे. फिजिओने मला जे शिकवलं त्यातलं निम्मं त्यात आहे, आणि मागे पावलं टाकणं तर आपण एरवी कधी करतच नाही. तू त्यांच्या शेजारी उभी राहा, त्यांचा एक हात खिडकीच्या गजावर, दुसरा तुझ्या कंबरेमागे, आणि गाणं त्यांनी म्हणायचं. फुगडी मात्र नको हो. गिरकी नको.

मडगावचा फिजिओ

बाईंनी माझं बरंचसं काम करून ठेवलंय. मी फक्त आकडे आणि खबरदारी सांगतो.

ताई, तुमचा पहिला प्रश्न: ७६ व्या वर्षी तोल सुधारतो का? सुधारतो. २०१९ साली कोक्रेनने, म्हणजे वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने, या विषयावरच्या १०८ चाचण्या एकत्र तपासल्या. २५ देशांतले २३,४०७ लोक, सरासरी वय ७६, म्हणजे नेमकं तुमच्या आईंचं. व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होतं. त्यातही तोलाचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम, म्हणजे उठणं-बसणं, पायरी चढणं, यांचा भरवसा सर्वात जास्त, २४ टक्के. त्याला स्नायूंच्या ताकदीची जोड दिली की ३४ टक्क्यांच्या आसपास. नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं असं मात्र त्यातून सिद्ध झालं नाही. म्हणून अंगणातल्या फेऱ्या पुरे का, याचं उत्तर नाही असंच आहे.

तुमच्याकडचा कागद बहुधा ओटागो पद्धतीचा असावा. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात हा कार्यक्रम घरच्या घरी करण्यासाठीच तयार केला गेला. सतरा व्यायाम, आठवड्यातून तीनदा अर्धा तास, शिवाय चालणं. ताकदीसाठी घोट्याला वजन बांधतात. घरी अर्धा किलो तांदळाची कापडी पिशवी बांधली तरी सुरुवातीला चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही ६५ च्या पुढच्या माणसांसाठी तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस सांगितलेत. आठवड्याचे एकूण तीन तास भरले तर फायदा आणखी चांगला, पण तिथे एकदम पोचायची घाई नको.

सुरू करण्याआधी घरी तीन गोष्टी मोजून ठेवा, तुम्ही शेजारी उभ्या राहून. एक, हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं. ७५ ते ७९ वयाच्या बाईला दहापेक्षा कमी जमलं तर पाय कमजोर आहेत असं धरतात. हात लावावाच लागला तर शून्य लिहा आणि निराश होऊ नका. दोन, बाईंनी सांगितलं तसं एका रेघेत पावलं ठेवून आधाराशिवाय १० सेकंद उभं राहता येतं का. तीन, खुर्चीवरून उठून ३ मीटर चालून, वळून परत येऊन बसायला किती वेळ लागतो. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. महिन्याने पुन्हा मोजा. पेशंटला स्वतःचा आकडा वाढलेला दिसला की पुढचं समजवावं लागत नाही.

तोल तीन ठिकाणांहून येतो: डोळे, कानाच्या आतला भाग आणि पायाचे तळवे व सांधे. एक कमी पडला की बाकीचे दोन भरून काढतात. आईंच्या एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तर दुसरा डोळा दाखवून घ्या. रात्री न्हाणीपर्यंत दिवा ठेवा, कारण अंधारात डोळ्यांची मदत जाते आणि सगळा भार कान आणि पायांवर पडतो. आणि हे नक्की करा: आडवं असतानाचा आणि उठून उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आतला रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना सांगा, गोळीची मात्रा किंवा वेळ बदलावी लागू शकते. झोपेची गोळी चालू असेल तर तेही सांगा. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर व्यायाम तिथेच थांबवायचा.

बाईंच्या ढालोबद्दल. जिनिव्हात पियानोच्या तालावर पावलं टाकण्याच्या वर्गांचा अभ्यास झाला होता, २०११ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या त्या वर्गांनी म्हाताऱ्या माणसांचं पडणं खरोखर कमी झालं. ढालोवर असा अभ्यास माझ्या वाचनात नाही, पण हालचाल त्याच जातीची आहे. मी माझ्या पेशंटना सांगायला सुरुवात करणार आहे.

काणकोणकर

एक छोटी गोष्ट. आमचे बाबा दोनदा पडले तेव्हा आम्हीही पायांचे व्यायाम सुरू केले होते. नंतर लक्षात आलं की त्यांना बिछान्यात कुशीवर वळताना आणि वर माळ्याकडे बघताना अर्धा मिनिट घर फिरल्यासारखं वाटायचं. ते कानाचं निघालं. कानाच्या आतले बारीक खडे जागचे हलले की असं होतं. कानाच्या डॉक्टरांनी डोकं ठराविक पद्धतीने वळवून, एका बाजूला झोपवून पाच-दहा मिनिटांत खडे जागेवर आणले. त्याला एप्ली म्हणतात. दोन बसण्यांत थांबलं. तुमच्या आईंना असं काही होतं का ते एकदा विचारा. म्हातारी माणसं आपणहून सांगत नाहीत, "घेरी येता" एवढंच म्हणतात.

बांदोड्याची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. काणकोणकर, विचारलं, वळताना काही होत नाही. रक्तदाब आडवं आणि उभं दोन्ही मोजून आणला, ८ चा फरक आहे, ठीक आहे म्हणाले. दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळालीय.

मोजलं. हात न लावता एकदाही उठता आलं नाही. हात लावून ६. रेघेत उभं राहणं ३ सेकंद. चालून परत यायला १९.

अडचण एकच. मी शेजारी उभी राहिले की माझा दंड इतका घट्ट धरतात की सगळं वजन माझ्यावरच येतं. सोडा म्हटलं की चेहरा पांढरा पडतो. काय करू?

निवृत्त शिक्षिका, डिचोली

तू बाजूला हो. माणूस हलतं, म्हणून माणसाला जास्त घट्ट धरतात. ओटा हलत नाही. त्यांना ओट्यासमोर उभं कर, मागे चिकटून भिंतीला टेकवलेली खुर्ची ठेव, म्हणजे पुढे ओटा आणि मागे खुर्ची. मग कुठे पडणार? तू हाताच्या अंतरावर भाजी चिरत उभी राहा आणि त्यांच्याकडे बघत राहू नकोस. मला घरची सगळी टक लावून बघायची तेव्हा माझा पाय जास्त थरथरायचा.

आणि चपला बदल. प्लास्टिकच्या फेकून दे. मागून पट्टा असलेल्या, रबरी तळव्याच्या घे. घरात शेवाळी, गुळगुळीत काही नसेल तर व्यायाम अनवाणी करू दे, तळव्याला फरशी कळते. मागच्या पायऱ्या ब्लिचिंग पावडर टाकून काथ्याच्या ब्रशने घासून घे, श्रावण संपेपर्यंत दर आठ दिवसांनी. उंबऱ्यावर पिवळ्या रंगाची पट्टी ओढ.

बांदोड्याची सून

अकरा आठवडे झाले, म्हणून लिहिते. गणेश चवथीची गडबड आहे, थोडक्यात सांगते.

पुढे ओटा, मागे खुर्ची, याने काम झालं. पहिले आठ दिवस आई दोन्ही हात ओट्यावरून काढेनात. मी भाजी चिरत होते, बघत नव्हते. नवव्या की दहाव्या दिवशी नजर गेली तर उजवा हात पदराला पुसत होत्या आणि डाव्याची फक्त बोटं टेकलेली. मी काही बोलले नाही.

रेघ ओढायला मी खडू शोधत होते, तर त्यांनीच तांदळाच्या पिठाची ओढली, रांगोळीसारखी सरळ. पहिल्यांदा त्यावर चालताना गज धरला होता. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "मेरेवयल्यान चलतना म्हाका कोण धरतालो?" आणि माझा हात बाजूला केला. जून महिन्यानंतर पहिल्यांदा त्या माझ्यावर अशा डाफरल्या. बाई, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

ढालो एक दिवसाआड होतात. गाणी त्यांनाच येतात, मला पहिल्या दोन ओळींपुढे येत नाहीत, मग मी नुसती हूं म्हणते. शेजारच्या दोघी येऊ लागल्यात, एक ६८ ची आणि एक ८१ ची. ८१ वाल्या खुर्चीवर बसून टाचा-चवडे करतात आणि शेवटी गजाला धरून उभ्या राहतात. मागे पावलं टाकताना आई अजून अडखळतात, ते हळूहळू घेतोय.

एक वाईट दिवसही आला. श्रावणातल्या एका सोमवारी नागेशीला जायचा हट्ट केला, सभामंडपात ओल्या फरशीवर पाय सरकला. मी धरायच्या आत त्यांनी दुसरा पाय बाजूला टाकला होता आणि खांब धरला होता. पडल्या नाहीत, पण दोन दिवस पुन्हा भिंत धरून चालत होत्या. तिसऱ्या दिवशी मी विचारायच्या आत ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

काल मोजलं. हात न लावता ७ वेळा उठल्या. फिजिओंनी सांगितलेले दहा अजून लांब आहेत. रेघेत ११ सेकंद. चालून परत यायला १४, म्हणजे बाराच्या आत अजून नाही. आकडे त्यांनी स्वतः कॅलेंडरवर लिहून ठेवलेत.

माटोळीच्या वेळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात तेव्हा, दरवर्षी स्टुलावर चढून नारळ आणि सुपारीचे घोस त्याच बांधायच्या. यंदा नवऱ्याने चढायचं ठरलंय आणि कुठलं फळ कुठे ते आई खालून सांगतील. त्यावरून दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, पण ऐकलं.

चवथीसाठी घराला रंग काढला, आतल्या भिंतींनाही. रंग देऊन आता तीन आठवडे झाले. स्वयंपाकघर ते माजघर भिंत अजून कोरी आहे. न्हाणीच्या दारापाशी, जिथे उंबरा आहे, तिथे तेवढा हातभर पट्टा पुन्हा उमटायला लागलाय. तिथे पुढच्या आठवड्यात नळाचा दांडा बसवून घेणार आहे. कमरेपासून किती उंचीवर बसवायचा असतो, कोणी सांगेल का?